गुरू चौकटीतून सरकलाच नाही

भूतखेतांविरुद्ध शाळेत मी तावातावाने बोलते. विज्ञान शिकवते. आमच्या बौद्ध घरात असलं काही चालतही नव्हतं. त्यामुळे हे लिहिताना भीती वाटत नाही... चीडच येते.

तेव्हा आमचा भाग आंध्र प्रदेशात होता. आदिलाबादजवळच्या तलमडुगु गावात मी आणि बाबा, दोघंच राहायचो. रिटायर झाल्यावर बाबांनी स्वतः आरसा घासून दुर्बीण बनवली. तिला वेबकॅम लावून मी लॅपटॉपवर गुरूचे आणि त्याच्या चार चंद्रांचे व्हिडिओ घ्यायची, त्यातून फोटो काढायची. दुर्बिणीला मोटार नव्हती. पृथ्वी फिरते, म्हणून ग्रह मिनिटभरात चौकटीबाहेर जातो. तो मध्ये राहावा म्हणून बाबा नळी बोटाने हळूहळू ढकलत राहायचे.

बाबा गेले. थोड्याच दिवसांत आदिलाबादहून दादा आला. घर, शेत आधीच त्याच्या नावावर झालं होतं. दिवेलागणीची वेळ. परसात मी गुरूचं रेकॉर्डिंग नुकतंच सुरू केलेलं, नळी आता मीच ढकलायची.

“दुर्बीण गाडीत टाकतो,” तो दारातूनच म्हणाला. “बाबाची वस्तू पोरापाशी पाहिजे.”

“काऊन? तुले त्यातून चंद्र तरी दाखवता येते का?”

“अन् तू काय करशील? लग्न करून जाशीन उद्या!”

रेकॉर्डिंग तसंच चालू ठेवून मी उठून दाराशी गेले. दोघंही गळा फाटेस्तोवर भांडलो. शेवटी त्याने दुर्बीण उचलून नेलीच.

दुसऱ्या दिवशी ती फाइल उघडली. आमचं भांडण ऐकू येत होतं — आणि गुरू चौकटीत, मधोमध! थोडा सरकायचा, हलका धक्का, पुन्हा मध्ये. भांडण संपेपर्यंत तसंच. दुर्बिणीजवळ कोणीच नव्हतं.

लॅपटॉप घेऊन मी बसने थेट दादाच्या घरी गेले.

“तूच हलवली असशीन,” तो म्हणाला.

“माझा आवाज दारातून येऊन राह्यला, ऐक ना नीट!”

त्याने पुन्हा पाहिलं. चेहरा उतरला. “घेऊन जा दुर्बीण. माझ्या घरात नको.” भीतीपोटी दिली त्याने, माझा हक्क म्हणून नाही.

वारा म्हणावं, तर वारा असा बेताने, नेमक्या दिशेला ढकलतो? जाणकारांना विचारलं, कुणालाच सांगता आलं नाही. मलाही नाही.

पण घर दादाच्या नावावर होताना बाबा माझ्या बाजूने एक शब्दही न बोलता माझ्यासमोर खाली मान घालून बसले होते. त्या संध्याकाळी ते खरंच तिथे असतील, तर मला त्यांचा जास्तच राग येतो. ती फाइल मी कितीदा तरी कान देऊन ऐकली... आवाज दादाचा आणि माझाच आहे, बाबांचा नाही.