देवीच्या कोंडातले मासे आणि दोन फळ्या

आमच्या गावाइतकं भाविक गाव अख्ख्या पोलादपूर तालुक्यात शोधून सापडायचं नाही. नदीत देवीचा कोंड आहे, म्हणजे खडकातला खोल डोह. तिथे गळ टाकायची कोणाची छाती नाही. मेलेला मासासुद्धा आम्ही केळीच्या पानात गुंडाळून काठावर पुरतो. रोज सकाळी देवीला भात दाखवायचा आणि तोच माशांना घालायचा, हे काम माझ्या धाकट्या भावाकडे.

कोंडाच्या वरच्या अंगाला बंधारा झाला तेव्हा नारळ फोडायला मीच पुढे. दिवाळी झाली की फळ्या घालून पाणी अडवायचं, पावसाआधी काढायच्या. हा कारभार गावकीनं माझ्याकडे दिला, कारण माझी वांगी-मिरची बंधाऱ्याला लागून. कुंपणालाच शेत राखायला दिलं, दुसरं काय.

शिमग्याच्या आधी भाऊ आला. "दादा, खाली धार येत नाय. कोंड हिरवा पडलाय, मासे वर तोंड काढून हायत. दोन फळ्या काढ."

"गावकीला विचारून सांगतो," मी म्हणालो. वांग्यांचं नाव घ्यायची लाज वाटली, म्हणून गावकी पुढे केली.

गावकी बसली. सणाला आलेल्या एका मुंबईकरानं शोध लावला की मासे तोंड उघडतात म्हणजे भुकेले आहेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. नदीकाठी जन्म काढलेली माणसं आम्ही, आणि धार थांबली की माशाचा जीव गुदमरतो हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. मला ठाऊक होतं, मी गप्प बसलो. मग पोत्यानं कुरमुरे आले, बिस्किटं आली, पोरांनी शेवसुद्धा टाकली. खाणारं कोणी नव्हतं. सगळं तळाशी बसून कुजलं आणि कोंडाला वास सुटला.

भाऊ परत आला, पुन्हा तेच म्हणाला. गावकी पुन्हा बसली. या खेपेला ठरलं, देवी कोपली आहे, गाऱ्हाणं घालू. पन्नास माणसं, ढोल, एक कोंबडा. मिरवणूक बंधाऱ्यावरूनच पलीकडे गेली. ज्या फळ्या काढायच्या होत्या त्या पन्नास जणांच्या पायाखाली होत्या, आणि सर्वांत पुढे मी होतो, हात जोडून.

तिसऱ्या दिवशी सगळा कोंड पांढरा. पोटं वर करून तरंगत होते, हातभर लांबीचे जुने मासेसुद्धा. भाऊ एकटाच पुरत बसला होता. केळीची पानं संपली तेव्हा नुसती माती लोटली त्यानं. गावातलं कोणी फिरकलं नाही. वास येतो म्हणे.

"आता तरी काढ," तो म्हणाला. "घाण वाहून जाऊ दे."

मी पहार घेऊन गेलो आणि दोन फळ्या उचकटल्या. बिडी ओढायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. पाणी खाली धावलं, कोंड हलायला लागला.

भाऊ मातीचे हात तसेच धरून बघत होता. "एवढंच होतं?" त्यानं विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो.