घरटी एक माणूस

आमच्या गावात रोवणीच्या दिवसांत शाळेतल्या मोठ्या मुली दिसेनाशा होतात. आया दिवसभर बांधीत वाकून धान रोवतात आणि घरातल्या लहानग्यांपाशी थोरली बहीण राहते. हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मी शाळेच्या समितीचा अध्यक्ष. मलाही वाटत नव्हतं.

गेल्या वर्षी हेडमास्तरांनी सभेत हा विषय काढला, तेव्हा आम्हाला एकदम उत्साह आला. समाजमंदिराची खोली रिकामीच असते. रोवणी संपेपर्यंत गावची सगळी लहान पोरं तिथे ठेवायची आणि घरटी एक माणूस बारीबारीने दिवसभर त्यांच्यापाशी बसेल, म्हणजे मुली शाळेत जातील. तळ्या-बोडीतला गाळ उपसायचा असो की मंडईच्या जत्रेचा मांडव घालायचा असो, आमच्याकडे गावकीचं काम असंच होतं. घरटी एक माणूस. कोणाला पाठवायचं ते त्या घरानं बघायचं, गाव विचारत नाही. इथेही आम्ही विचारलं नाही.

सुरुवातीला म्हाताऱ्या आल्या, एकदोन सुना आल्या. कोणी सतरंजी दिली, कोणी पाळण्याला दोर दिला. आमच्या शेजारची एक मुलगी नववीत होती, लाखांदूरच्या शाळेत एसटीने जायची. तिचा बाप नागपूरला बांधकामावर, आई रोवणीला, आणि भाऊ जेमतेम चालायला लागलेला. त्या भावाला खोलीत सोडून ती दोन वेण्या उडवत स्टँडवर पळायची. तिच्याकडे बोट दाखवून मी पाहुण्यांना सांगायचो, ही खोली कशासाठी आहे ते बघा.

मग पावसानं ओढ दिली आणि आला तो सगळ्यांसाठी एकदमच आला. पऱ्हे, म्हणजे रोवायची धानाची रोपं, पिवळे पडायला लागले होते. ज्याच्या त्याच्या बांधीत बायांची ओढाताण सुरू झाली. अशा वेळी खोलीत बसायला घरातली बाई कोण सोडणार? आणि पुरुषानं बसावं, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. घरं आपापल्या मुलींना पाठवायला लागली. ज्यांच्या घरी मुलगी नव्हती ते त्या नववीतल्या मुलीच्या आईला गाठायचे. "तुझा पोट्टा तं तिथंच असते वो. तुझी पोट्टी बसली तं काय बिघडलं?" ज्यांच्या बांधीत रोज कामाला जायचं त्यांना ती बाई नाही कसं म्हणणार?

आमच्या घरची बारी आली त्या सकाळी बायको डोक्याला फडकं बांधत म्हणाली, "तुम्हीच बसा ना आज. तुमाले कोणतं काम आहे?"

"मी? मी पोट्ट्याइचे नाकं पुसत बसू?"

"काहून? नाक काय बाईच्या हातानंच पुसल्या जाते?"

मी हसलो आणि चपला घालून शेजारी गेलो. मुलगी गणवेशात होती, तोंडात रिबीन धरून वेणी घालत होती.

"आज आमची बारी आहे गं. बसतं का तू?"

तिने रिबीन तोंडातून काढली. "काका, आज गणिताची चाचणी आहे जी."

"एका दिवसानं काय होते? मी बोलतो तुझ्या सरांशी."

तिने आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मग चुलीकडे. मुलीने दप्तर खुंटीला अडकवलं. तेवढ्यात स्टँडवर एसटीचा हॉर्न वाजला. मी तिच्या सरांशी बोललो नाही. त्या दिवशी मी पानठेल्यावर बसलो होतो. काम म्हणावं असं काहीच करत नव्हतो.

पुढे तिला कोणी विचारायलाही जाईना. सकाळी खोली उघडायची तर तीच, संध्याकाळी झाडायची तर तीच. गावाची बारी चुकली नाही असं आम्ही छातीठोकपणे सांगू शकत होतो. तालुक्याहून साहेब आले, त्यांनी फोटो काढले. मुलं स्वच्छ होती, ओळीने जेवायला बसली होती. "मुलांचं कोण बघतं?" साहेबांनी विचारलं. "सगळं गाव बघते जी," मी म्हणालो. ती मागे एका पोराला कडेवर घेऊन उभी होती.

पंधरा ऑगस्टला आम्ही तिचा सत्कार केला. शाल, नारळ. मी भाषणात म्हणालो की गावानं एकत्र येऊन मुलींची शाळा वाचवली. टाळ्या पडल्या. तिच्या आईला मी नंतर विचारलं, पोरगी खूश झाली ना?

"झाली जी," ती म्हणाली. "नारळ फोडून खाल्ला. शाल खोलीत अंथरली, ओल लागत होती पोट्ट्याइले."

रोवणी संपल्यावर मुलगी शाळेत गेली, पण फार दिवस टिकली नाही. वर्गात काही समजत नाही म्हणाली. नववी तशीच राहिली. मी तिच्या घरी गेलो, पुन्हा नाव घालू म्हणालो. तिने पाण्याचा गडवा पुढे ठेवला आणि नम्रपणे म्हणाली, "आता नको जी, काका."

यंदा सभेत मी म्हटलं, बारीला मोठंच माणूस आलं पाहिजे. लोक हसले. "मंग पहिली बारी तुमचीच लावू गा अध्यक्ष!" पहिल्या दिवशी खोलीत मीच बसलो. पोरं रडली, मी नाकं पुसली. त्यात अवघड काहीच नव्हतं. तेच मला जास्त लागलं.

तोवर ती मुलगी आईसोबत रोवणीला जायला लागली होती. परवा माझ्याच बांधीत होती. आमच्याकडे रोवणीच्या शेवटच्या दिवशी बाया मालकाला धरून चिखल फासतात आणि खाऊ कबूल केल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांनी मला बांधीच्या कडेला धुऱ्यावर गाठलं. हसणं, ओरडणं, ओढणं चाललं होतं. कोणीतरी तिला पुढे ढकललं. "जा वो, तू लाव काकाले! नवीन आहेस, तुझाच मान!"

ती मूठभर चिखल घेऊन माझ्यासमोर आली. मी गाल पुढे केला. तिने फासावा असं मला मनापासून वाटत होतं. तेवढं तरी तिने करावं.

"राहू द्या जी," ती बायांना म्हणाली. "काकाचे कपडे खराब होतील."

आणि वाकून तिने तो चिखल बांधीत परत ठेवला, हात धुतला, आणि उरलेल्या पऱ्ह्यांची पेंढी उचलून कोपऱ्यातली रिकामी जागा रोवू लागली.