चौदा घरांचा घास

नर्स मुअत्तर ओपांना, म्हणजे मुअत्तरताईंना, पोटाचा कर्करोग झालाय, फार तर नवरोजपर्यंत काढतील, ही बातमी उझबेकिस्तानातल्या मार्गिलानच्या आमच्या मोहल्ल्यात नानभट्टीपासून चहाखान्यापर्यंत अर्ध्या दिवसात पोचली. पुरावा भक्कम होता. ओपांनी लागोपाठ तीन घरी नान नाकारला होता.

रोग होता, पण तो ओपांच्या पोटात नव्हता, दवाखान्याच्या फळ्यावर होता. ताश्कंदहून आलेले नवे मुख्य डॉक्टर ओयबेक यांनी आल्या आल्या वजनकाटा मागवला आणि हुकूम चिकटवला: लोकांना आरोग्य शिकवणाऱ्यांनी आधी स्वतः निरोगी जगून दाखवावे. दवाखान्याच्या मागच्या भिंतीशी रोज दहा सिगारेटी फुंकणारे डॉक्टर स्वतः या हुकमात अगदी चपखल बसत होते, कारण काट्याला धूर मोजता येत नाही.

ओपा चढल्या आणि काटा शहाण्णववर जाऊन थांबला. तीन महिन्यांत पंधरा किलो उतरवा, नाहीतर घरोघरची फेरी बंद, नोंदणीच्या खिडकीत बसा, असं डॉक्टरांनी सांगितलं. सव्वीस वर्षं गल्ल्या तुडवलेल्या नर्सबाईला खिडकी म्हणजे जिवंतपणी कबरच.

बरं, हे वजन काही लोळून कमावलेलं नव्हतं. दिवसाला चौदा घरं, म्हणजे खाण्यासाठी अंथरलेले चौदा दस्तरखान. घरधनीण नान मोडून पुढे करते, आणि तो नाकारणं म्हणजे तिच्या चुलीवर पाणी ओतणं. चौदा घास, चौदा वाट्या चहा, कुठे साय, कुठे खडीसाखर. तोंडात घास धरूनच ओपा बजावायच्या, "साखर कमी करा गं, बायांनो."

"ओपा, आधी गिळा," बाया म्हणायच्या, "नाहीतर उपदेश घशात अडकेल."

हसायच्या, पण दुसऱ्या दिवशी साखर खरंच थोडी कमी घालायच्या.

आता ओपा घास नाकारू लागल्या. आठवडाभराने त्या धडधाकट चालताना दिसल्यावर मोहल्ल्याने कर्करोग नाइलाजाने मागे घेतला आणि त्याहून सोयीचा अर्थ लावला: नर्स ज्या घरी खात नाही, त्या घरात क्षय असणार. तेवढ्यावर सोबिर न्हाव्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न अडकलं. त्याची बायको ओपांना फाटकातच म्हणाली, "तुमची कंबर बारीक होतेय आणि माझी पोर घरात राहतेय. छान चाललंय."

मग फाटकं अर्धीच उघडू लागली. "सगळे बरे आहेत, ओपा," एवढं ऐकून त्या पुढच्या दाराशी. दोन महिन्यांत नऊ किलो उतरले आणि फेरीच्या वहीत एकही आजारी उरला नाही. इतका निरोगी मोहल्ला पाहून डॉक्टरांना भरून आलं. तो डोळ्यांनी बघायला ते ओपांबरोबर खोलमत बाबांकडे गेले. बाबांच्या शेजारचंच घर सोबिरचं.

बाबांनी नान मोडला. डॉक्टरांनी छातीवर हात ठेवून नकार दिला. ओपांनीही मान हलवली.

"रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेता ना, बाबा?" डॉक्टरांनी विचारलं.

"घेतो की."

"डोकं दुखतं? चक्कर?"

"छे. घोड्यासारखा आहे मी," बाबा म्हणाले, आणि उठताना भिंतीला धरून उठले.

ओपांनी ते पाहिलं. क्षणभर त्या नानकडे बघत राहिल्या. मग मोठा तुकडा तोडला, सायीत पार बुडवला आणि तोंडात टाकला. बाबा पुन्हा खाली बसले. चेहरा कसा सैल झाला.

"आता खरं सांगा," ओपा चावता चावता म्हणाल्या.

"अगं पोरी, ईद झाल्यापासून गोळ्या बंदच आहेत," बाबा म्हणाले आणि गादीखालून भरलेली पाकिटं काढून त्यांनी दस्तरखानावर ठेवली. "दोनदा अंगणात पडलो. सुनेला सांगू नकोस."

ओपांनी पट्टा बांधला. रक्तदाब दोनशेच्या वर. डॉक्टरांनी स्वतः पहिली गोळी बाबांच्या हातावर ठेवली.

फाटकाबाहेर आल्यावर त्यांना हुकूम आठवला. "ओपा, दोन महिन्यांची मेहनत तुम्ही एका वाटीत बुडवलीत. आता मी तुम्हाला खिडकीत बसवलं तर?"

ओपांचे पाय तोवर सोबिरच्या फाटकाकडे वळले होते. नर्स इथे खातेय हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून त्यांनी ते सताड उघडलं, आतल्या दस्तरखानाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "बसवा. बाबांकडे पुढच्या वेळी तुमचा वजनकाटाच पाठवा. तो काही खात नाही."