बेल आधी कोण वाजवतो

स्टुडिओत त्यांना सगळे बूटवाल्या काकू म्हणत. पडद्यावर कार्टूनमधली पोरं धावू लागली की काकू दोन्ही हात बुटांत घालून फळीवर धडाधड आपटत आणि पोरांच्या पावलांना आवाज देत. मालिका एका वर्गातल्या दोन हाडवैऱ्यांची. दर भागात आधी कोण पोचतो यावरून नुसता धुमाकूळ.

उजव्या हातातला बूट काकूंच्या लेकाचा, डाव्यातला लेकीचा. शाळा सुटली की घराची बेल आधी कोण वाजवतो म्हणून तीही दोघं अशीच जीव खाऊन पळत यायची. आता दोघं दोन परक्या देशांत, फोन केला की म्हणतात, "नंतर बोलू."

आज ते वैरी जिन्यावरून धडपडत दाराशी आले आणि काकूंच्या तोंडून गेलंच, "अरे हळू, पडाल ना मेल्यांनो!"

"काकू, सगळा टेक मातीत घातलात!" काचेमागून रेकॉर्डिंगवाला ओरडला.

"घातला तर घातला. डोकं नको खाऊस!"

दुसऱ्यांदा त्यांनी ओठ घट्ट मिटून पोरांना पळवलं. पावलं दाराशी येऊन थांबली.

"झालं काकू, काढा बूट."

"थांब रे जरा," काकू म्हणाल्या, "बेल वाजू दे."