निळ्या टिकची हजेरी

वाणगावच्या पूर्वेला, डोंगराकडे आमची दोन शिक्षकी शाळा. एक मी आणि दुसऱ्या हंसाबाई तांडेल. बाई घिवलीच्या, मासे विकणाऱ्या घरातल्या, त्यामुळे आवाज खणखणीत. त्यांनी बांधावरून हाक मारली की पाड्यावरची पोरं हातातलं काम टाकून शाळेत यायची.

करोनात शाळा बंद झाली. पाड्याच्या लोकांनी वाटेवर लाकडं आडवी टाकली, तेव्हा आम्हालाही तिकडे जाता येईना. मग बाई रोज मोबाइलवर धडा रेकॉर्ड करून पालकांना पाठवू लागल्या. किती मुलं शिकतात, तो आकडा दर शनिवारी वर कळवायचा. आकड्यासाठी तगादा असायचा, मुलांचं काय चाललंय हे कुणी विचारलं नाही.

दुसरी संपवून तिसरीत गेलेली कमळी दिवाळीनंतर आईबापासोबत वीटभट्टीवर निघाली. तिच्या बापाला, जिवल्याला, बाईंनी फोनवर बजावलं, "मेसेज रोज उघडा. निळे टिक दिसले की मी कमळीची हजेरी लावीन."

दोन वर्षांत एकही टिक चुकला नाही. पोरगी भट्टीवरसुद्धा शिकतेय, असं बाई कौतुकाने सांगायच्या. मीही चार पालकांना जिवल्याचं उदाहरण दिलं.

शाळा पुन्हा भरू लागल्यावर, जूनमध्ये जिवल्या कमळीला घेऊन दाखला न्यायला आला. आमची शाळा चौथीपर्यंतच, पुढे तिला आश्रमशाळेत घालायचं होतं. बाईंनी हौसेने पुस्तक पुढे केलं. कमळी नुसती पानाकडे बघत राहिली. तिच्या तळहातांची सालं निघाली होती.

मेसेज कोण बघायचं, असं बाईंनी हळूच विचारलं.

"मीच उघडायचो, बाय. जेवायच्या सुट्टीत, हात पुसून. एक दिस सोडला नाय. ती इटा वाहायची, तिला कुठं सवड?"

त्याने सांगितलं तेवढं इमानाने केलं होतं. बाईंना रडू आवरेना. मला स्वतःची लाज वाटली.

दाखला अडवला तर आश्रमशाळाही जाणार. बाईंनी 'चौथी उत्तीर्ण' लिहिलं आणि सही केली. दाखला मिळाल्याची सही वहीत हवी होती. जिवल्याने वही पोरीकडे सरकवली.

"मी अंगठाबहाद्दर. तू शिकलेली हायस, तू सही कर."

कमळीने पेन हातात घेतलं, वहीवर टेकवलं. मग पेन खाली ठेवून तिने शाईच्या पॅडवर अंगठा दाबला.