एकाच वस्तऱ्याचे दोघे

माझा दादा उभ्या आयुष्यात दारूला शिवलेला नाही. हे गल्लीतल्या प्रत्येकाला सांगून मी थकलो. लोक हो हो म्हणतात आणि त्याच्या पोटाकडे बघतात.

पोट फुगलेलं, डोळे पिवळे, पाय सुजलेले. आमचे वडील याच रूपात गेले, आणि ते खरोखर प्यायचे. खाण तशी माती, असं म्हणून सगळे मोकळे झाले. सगळ्यांत आधी आमची आई. दादा सलून बंद करून घरी आला की ती त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. वास कधीच आला नाही, तर म्हणे, हा वेलची चघळून येतो. शेवटी नवऱ्याचं भोगलं तेवढं पुरे, म्हणत ती बोचकं बांधून माझ्याकडे राहायला आली. दादाने लग्न केलेलं नाही, घरात आईशिवाय कुणी नव्हतं. ती परत यावी एवढंच त्याचं मागणं. दवाखान्यातून बाहेर पडल्यावरही तो आधी आईचंच विचारतो.

आम्ही दोघेही न्हावी. गिऱ्हाइकाच्या गालावर शिकायचं नाही, भावाच्या गालावर शिकायचं, हा वडिलांचा नियम. दोन वर्षं रोज सकाळी मी दादाची दाढी करायचो आणि तो माझी, एकाच वस्तऱ्याने. कापलं की तुरटी फिरवायची, वस्तरा फडक्याला पुसायचा आणि पुढचा गाल घ्यायचा. वडिलांना या नियमाचा फार अभिमान होता.

डॉक्टरबाईंनी हे ऐकून कपाळाला हात लावला. हिपॅटायटिस सी, रक्तातून पसरणारा. आधी कुणाला झाला ते आता कळणार नाही, पण वस्तऱ्यावरूनच एकाचा दुसऱ्याला गेला असणार. त्यांनी माझंही रक्त तपासलं. विषाणू येऊन गेल्याची खूण होती, विषाणू नव्हता. त्याला हाकलून लावायचा गुण काहींना जन्मतःच मिळतो, म्हणाल्या, काहींना मिळत नाही. एका आईबापाची मुलं असली तरी वाटणी सारखी होत नाही. मला मिळाला, दादाला नाही. त्याच्या शरीरात विषाणूने वीसेक वर्षं मुक्काम ठोकला आणि यकृत पोखरलं. गोळ्यांनी विषाणू जाईल, पण आक्रसलेलं यकृत पूर्वीसारखं होणार नाही. काही वर्षं आधी यायला हवं होतं. मग त्यांनी मला विचारलं, तुम्हाला पूर्वी कुणी काही सांगितलं नव्हतं का? मी नाही म्हणालो.

सांगितलं होतं. नऊ वर्षांपूर्वी मी रक्तदान केलं, तेव्हा रक्तपेढीने बोलावून घेतलं होतं. तुम्ही बरे आहात, पण घरच्यांना तपासून घ्या, असं स्पष्ट सांगून हातात कागद दिला. न्हाव्याच्या रक्तात काहीतरी आहे हे बाहेर फुटलं, तर खुर्चीत कोण बसणार? मी कागद फाडून टाकला. आता चोर सोडून संन्याशाला फाशी देता का, असं लोकांना सुनावत फिरतो. स्वतःची इतकी चीड येते की हातात वस्तरा धरवत नाही.

रविवारी दादाला घरी बोलावलं आणि आईसमोर सगळं ओकून टाकलं. वस्तरा, रक्त, गिऱ्हाइकं जातील म्हणून फाडलेला कागद, नऊ वर्षं. पालथ्या घड्यावर पाणी.

"भावाची लाज झाकायला स्वतःवर घेतोयस," आई म्हणाली. "मन मोठं आहे तुझं. पण मी एका पिणाऱ्याबरोबर संसार केलाय, मला नको शिकवूस."

मी आवाज चढवला, शपथ घेतली, डॉक्टरबाईंचे रिपोर्ट पुढे केले. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

दादाला सोडायला मी जिन्यापर्यंत गेलो. कठडा धरून एकेक पायरी उतरताना तो मध्येच थांबला. आईने माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता, त्याने ठेवला होता.

"मग गिऱ्हाइकं गेली नाहीत ना रे तुझी?" त्याने विचारलं.

टोमणा असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता.

"एकही नाही," मी म्हणालो.