फुल लाइन सोसली नाही

आमच्या ग्रामपंचायतीत कम्प्युटर आला तो कापसापायी. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कापसाचं वाटोळं झालं आणि पाहुण्यांचा सुकाळ झाला. कधी मुंबईची समिती, कधी दिल्लीचं पथक. सगळे यायचे, माना हलवायचे, चहा प्यायचे आणि काहीतरी देऊन जायचे. कोणी गाई दिल्या, कोणी नुसतीच भाषणं दिली. आमच्या वाट्याला कम्प्युटर आला. शेतकऱ्याला गावातच कापसाचा भाव कळला पाहिजे, असं देणाऱ्यांचं म्हणणं होतं. भाव कळल्यावर त्याचं करायचं काय, हे सांगायला मात्र ते विसरले.

मी यवतमाळला राहून कम्प्युटरचा कोर्स केला होता, म्हणून ती खुर्ची मला मिळाली. पाहुणे आले की खुर्ची त्यांना जायची आणि मी स्टुलावर यायची, पण गाव मला मॅडम म्हणू लागलं होतं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

माझे बाबा शिंपी. पुसदचं एक स्थळ त्यांच्या मनात भरलं होतं आणि मला ते अजिबात नको होतं. पोरगा वाईट नव्हता. पण पाहायला आल्या दिवशीच त्याच्या आईनं सांगून टाकलं होतं की आमच्यात सुनांनी कामाला बाहेर जायची रीत नाही. बाबा अडून बसले, मीही अडून बसले, आणि घरात आठवडाभर भाजीत मीठ कमी-जास्त होत राहिलं. शेवटी बाबांनीच तोड काढली.

"हे पाय," ते म्हणाले, "कम्प्युटर चालू हाये तवरक तुही नोकरी. ज्या दिवशी बंद पडला, त्या दिवशी मी पुसदच्या लोकायले हो म्हणतो."

मी कबूल झाले. आमच्या गावची लाइन माहीत असून कबूल झाले, यावरून काय ते समजा.

लाइन म्हणजे वीज. दिवसाचा बराचसा वेळ लोडशेडिंग, आणि यायची तेव्हा डीम. वावरातल्या मोटारी सुरू झाल्या की बल्ब निखाऱ्यासारखा लाल दिसायचा आणि फिरत्या पंख्याची पाती मोजता यायची. अशा लाइनवर कम्प्युटर कायले सुरू होतो! पहिल्याच आठवड्यात मला पुसद दिसायला लागलं. ग्रामसेवकांनी वायंडिंगवाल्या भाऊंना बोलावलं. भाऊ जळालेल्या मोटारी भरून द्यायचे, त्यामुळे विजेच्या विषयात त्यांच्यापुढे कोणी तोंड उघडत नसे. त्यांनी कम्प्युटरचा डबा फिरवला. मागे एक बारीक लाल बटण होतं आणि त्यावर दोन आकडे, एक मोठा, एक लहान. मोठा आकडा वाचून भाऊंना हसूच आलं. एवढी लाइन आपल्या गावानं कधी पाहिली का, म्हणाले, आणि पेनाच्या टोकानं बटण लहान आकड्यावर सरकवून मोकळे झाले. कम्प्युटर सुरू झाला. मी कोर्स केलेली असून बघत राहिले, कारण आमच्या परीक्षेला सगळं पुढच्या बाजूचं होतं, मागच्या बाजूचं काहीच नव्हतं.

मग आमचं छान चाललं. इंटरनेट अर्थात नव्हतं. कापसाचा भाव दिग्रसहून येणाऱ्या बसचा कंडक्टर सांगायचा आणि मी तो मोठ्या अक्षरात टाइप करून ठेवायची. लोक स्टँडवर कंडक्टरच्या तोंडून भाव ऐकायचे, मग ग्रामपंचायतीत येऊन स्क्रीनवर बघायचे, आणि तोच आकडा दिसला की म्हणायचे, खरं आहे बावा. एकदा कंडक्टर भाच्याच्या लग्नाला गेला, तर तो परत येईस्तोवर आमच्या गावात कापसाला भावच नव्हता.

आणि मग बातमी आली की मोठं पथक येणार आणि कम्प्युटर बघणार. गावात धावपळ उडाली. रस्त्यावर मुरूम पडला, शाळेला चुना लागला. लाइनवालेही आले. त्यांनी लोंबणाऱ्या तारा ताणल्या, शेतातल्या मोटारी त्या दिवसापुरत्या बंद ठेवायला सांगितल्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या डीपीची अशी सेवा केली की जणू साहेब तिलाच पाहायला येणार होते. साहेब गावात असेपर्यंत फुल लाइन, क्षणभरही जाणार नाही, असा वरून हुकूम होता.

त्या दिवशी सकाळी खरोखर फुल लाइन आली. अव माय, काय तो उजेड! आमच्या घरात किती जाळी लागली आहेत ते मला त्या सकाळी कळलं. मी ठेवणीतली साडी नेसून ऑफिसात गेले, उदबत्ती लावली आणि बटण दाबलं. डब्यातून फट्ट आवाज आला, जळकट वास सुटला आणि सगळं शांत.

ग्रामसेवकांनी आधी मलाच विचारलं की काय केलंस. मग जो तो डॉक्टर झाला. कोणी पिन या बोर्डातून काढून त्या बोर्डात घातली, कोणी फुंकर मारली. कोणी म्हणालं सर्दला असेल, म्हणून तुरीसारखा ओट्यावर उन्हात ठेवला. मी दिग्रसच्या दुकानदाराला फोन लावला. बंद करून परत चालू करा, म्हणाला. अहो, बंदच आहे, मी म्हटलं. मग अर्धं काम झालंय, म्हणाला. त्याला फोनवर काय करणार?

शेवटी वायंडिंगवाले भाऊ आले. त्यांनी पत्रा उघडला, नाक आत घातलं आणि निकाल दिला.

"जळला. फुल लाइन सोसली नाही त्याले."

ग्रामसेवक त्यांच्या अंगावर गेले. लहान आकड्यावर तुम्हीच ठेवला होता ना? भाऊंना एवढा राग आला की पान्हा खाली आपटला.

"म्या गावची लाइन पाहून ठेवला होता. तुम्ही लाइन बदलली, मले सांगतलं काय?"

आता यात कोणाला बोलणार? आमच्या गावात सगळंच डीम लाइनवर बसवलेलं होतं, पिठाची गिरणी काय, माणसं काय. एक दिवस कोणी भरभरून दिलं आणि तोच दिवस नेमका आम्हाला झेपला नाही. मला रडूही येत होतं आणि सगळ्यांना दोन-दोन द्याव्यात असंही वाटत होतं. वळून पाहिलं तर दारात बाबा उभे. गळ्यात टेप तशीच होती. पथक पाहायला आले होते, आणि ओट्यावर वाळत घातलेला कम्प्युटर पाहून थांबले होते. मग आल्या पावली दुकानाकडे निघून गेले.

गाड्या आल्या तेव्हा कम्प्युटर परत टेबलावर होता आणि त्याला झेंडूचा हार होता. साहेबांनी काळ्या काचेकडे पाहिलं, त्यात स्वतःचे केस नीट केले आणि विचारलं, चालू आहे ना? हो साहेब, ग्रामसेवक म्हणाले. आजचा भाव काय, साहेबांनी मला विचारलं. मी कंडक्टरचा कालचा भाव ठोकून दिला. वा, वा, साहेब म्हणाले, माउसवर हात ठेवून त्यांनी फोटो काढून घेतला आणि गेले. गाड्या नाला ओलांडतात न ओलांडतात तोच लाइनही गेली.

पुढे आम्ही दुरुस्ती मागितली तेव्हा तालुक्याहून निरोप आला की साहेबांनी स्वतः चालू पाहिलेला कम्प्युटर दुरुस्त करता येत नाही. आणि चालू कम्प्युटरला ऑपरेटर तर लागतोच, म्हणून मीही राहिले. भाव मी फळ्यावर लिहायची. लोक कुरकुर करायचे की फळ्यावरचा भाव पक्का वाटत नाही.

पण ते सगळं नंतर. त्या संध्याकाळी मी घरी आले ती हरूनच आले होते. शब्द दिला होता आणि बाबांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यात पुसदच्या स्थळाचा मध्यस्थ येऊन बसलेला. बाबा मशीनवर होते. आमच्या गावात त्यांच्यासारखा शिंपी दुसरा नव्हता: ब्लाउज सोमवारी होणार नसेल तर सोमवारी होणार नाही असंच सांगायचे, मग गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. मध्यस्थ म्हणाला, मी ऐकलं कम्प्युटर जळाला म्हणून, तर आता तारीख धरायची का? मी आतल्या दाराशी उभी होते.

बाबांनी मशीन थांबवलं नाही, मान वर केली नाही.

"कोण म्हणते जळला? चालू हाये तो," ते म्हणाले. "म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यला."